दोऱ्याचा दात

माझ्या वरच्या ओळीतला, डाव्या सुळ्याच्या अलीकडचा दात मी खाण्यासाठी म्हणून कधी वापरलाच नाही. तो माझ्या कामाचा दात. दाताच्या डॉक्टरीणबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला छोटा आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, दात खायलाच असतात." मी म्हटलं, "असतील तुमचे."

माझं काम दागिने गाठवायचं. सोनार मणी घडवतो, पानं घडवतो आणि सगळं एका पुडीत घालून आमच्याकडं पाठवतो. पुडीतलं सोनं म्हणजे काही साज नव्हे. ते रेशमात ओवायचं, जागच्या जागी गाठी मारायच्या, मागं गोंडा करायचा आणि गळ्यात घालता येईल असं करून द्यायचं, एवढं आमच्याकडं. साज घेणाऱ्या बायका सोनाराचं नाव चारचौघींत सांगतात, गाठवणारीचं नाव कुणी विचारत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रेशीम जुनं झालं की त्याच बायका गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, येतात आणि सोनाराला बजावतात, "मागच्या वेळी जिनं गाठवलंवतं तिलाच द्या हं." मला तेवढं बास आहे.

गाठवताना दोरा ताणून धरावा लागतो. दोन्ही हात गाठीत गुंतलेले, मग धरायचा कशात? कुणी भिंतीतल्या खिळ्याला अडकवतं, कुणी पायाच्या अंगठ्याला. आमच्या घरची रीत दातात धरायची. ही रीत मला सासूनं शिकवली. सासूला मी आत्ती म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा आत्तीनं मला समोर बसवलं, दोऱ्याचं टोक माझ्या दातात दिलं आणि म्हणाली, "चावायचं न्हाई. नुस्तं धरायचं. आन् दोरा काय सांगतोय त्ये ऐकायचं." मला वाटलं, म्हातारी काहीतरी भारी बोलून दाखवतेय. (म्हातारी तरी कुठली, तेव्हा ती आज मी आहे त्याहून लहान होती.) पण महिन्याभरात कळलं. दोरा जरा सैल पडला की दाताला कळतं आणि मान आपोआप मागं जाते. जास्त ताणला की मान पुढं येते. आपण ठरवत नाही, होतं. खिळ्यात हे नाही. खिळा आपल्या जागी ढिम्म, दोरा ताठ झाला तरी त्याला पत्ता नाही आणि ढिला पडला तरी नाही.

इतकी वर्षं दोरा एकाच जागी धरून त्या दाताच्या कडेला बारीक खाच पडली होती. दोरा तोंडात घेतला की आपसूक तिथंच जाऊन बसायचा. आत्तीच्याही दाताला तशीच खाच होती, तोच दात, तीच बाजू. पुढं पुढं बायका आम्हाला चिडवायच्या की सासूनं सून पत्रिका बघून नाही, दात बघून आणली.

आणि आत्तीचा तो दात गेला, तिथूनच सगळी भानगड आहे, म्हणून आधी ते सांगते.

माझी मुलं लहान असताना आत्तीचा तो दात ठणकायला लागला. तेव्हा आमच्या पेठेत दात दुखला की उपाय एकच होता, काढून टाकायचा. सासऱ्यांनी तिला नेलं, आणि तासाभरात ती तोंडात कापूस धरून परत आली. जखम भरली, ती पुन्हा कामाला बसली, आणि तिच्या गाठी सैल पडायला लागल्या. दोरा शेजारच्या दातात धरून बघितला. तो दात वाकडा, दोरा निसटायचा. कवळीचा एक दात करून घेतला, तर ओढताना तो दोऱ्याबरोबर हातात आला. मुलं हसून हसून लोळली. आत्तीही हसली, पण तो दात तिनं परत लावला नाही. खिळ्याला बांधून बघितलं. गाठ बसेना. एका ठुशीचे मणी लग्नाच्या मांडवात सुटले, तेव्हा सोनार घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहून बोलला. शिव्या दिल्या असत्या तर आत्तीनं दोन जास्त दिल्या असत्या. तो हळू आवाजात बोलला.

मग सगळ्या पेठेनं मिळून निकाल दिला. वरचा दात काढला, डोळ्याची नस दुखावली, म्हातारीची नजर गेली. वरच्या दाताची आणि डोळ्याची नस एकच असते, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. चष्म्याच्या डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला, नंबर फारसा नाही, चाळिशीनंतर लागतो तेवढाच आहे. तर सासरे म्हणाले, ह्या डॉक्टरला काय कळत नाही. चष्मा आणला. गाठी सैलच. शेवटी आत्तीनं एक दिवस रेशमाची लडी, कात्री, मेणाचा खडा सगळं उचलून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "माझं डोळं ग्येलं. आता तू बग." त्यानंतर तिनं दोऱ्याला हात लावला नाही. पोरींना वेणी घालायचं झालं तरी रिबीन मला बांधायला लावायची.

मीही ते मानलं. का नाही मानणार? ती स्वतःच म्हणत होती.

तर आता माझा दात. उन्हाळ्यात रंकाळ्यावर उसाचा थंडगार रस प्याले आणि डोक्यापर्यंत कळ गेली. घरी येऊन गरम चहा घेतला, त्यानं तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. समोरच्या काकूंनी मशेरी दाबून धरायला सांगितली, तीही धरली आणि चक्कर येऊन पायरीवर बसले. आठवडाभर जीव नकोसा झाला. आणि मग एका सकाळी उठले तर दुखणं गायब! थंड लागेना, गरम लागेना. मी अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "डॉक्टर नको न् औषध नको, माझ्या दाताचा नादच करायचा न्हाई!" काकू म्हणाल्या, मशेरीचा गुण. मी म्हटलं, माझ्या अंगातला गुण.

पावसाळा सरला आणि कागलच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नाचा साज माझ्याकडं पाठवला. साज त्यांच्या सासूचा. पानं जुन्या घडणीची, आता तशी कुणी घडवत नाही. अर्धा साज गाठवून झाला आणि वरचा ओठ सुजायला लागला. हिरडीवर फोड आला. दोरा दातात धरून जरा ताण दिला आणि कानशिलात कुणी खिळा ठोकल्यागत झालं. हातातली पानं पोलपाटावर सांडली. पोलपाटावरच मी काम करते. पुन्हा धरला, पुन्हा तेच. उजवीकडच्या दातात धरून बघितला, तर मान वळेना, गाठ वाकडी. शेवटी खिळ्याला बांधला. दोन पानं गाठवली, उचलून बघितली, तर पानं एकमेकांवर चढलेली. मी ती गाठ कापून टाकली.

ही गाठ मी आधी बघितली होती. आत्तीची शेवटची ठुशी अशीच दिसत होती.

घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, "काढून टाक की. कशाला भोगायचं? नवा बसवू." यांना दात म्हणजे पंक्चर झालेला टायर वाटतो. आत्ती तिच्या जागेवरून ओरडली, "आजाबात काढायचा न्हाई! माझं डोळं ग्येलं त्ये बास झालं न्हाई व्हय?" मग काकू आल्या. त्यांच्या बहिणीनं रूट कॅनल केलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यात नस मारत्यात बाई. दात ऱ्हातोय, पर मेलेला." आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. काढला तर आत्तीसारखे डोळे जाणार. नाही काढला, नस मारली, तर मेलेल्या दाताला दोरा कळणार कसा? म्हणजे काही केलं तरी माझं काम जाणार. काम गेलं तर मी घरात काय करू, टीव्ही बघू? आत्ती बघते तशी?

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या दाताच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, इचलकरंजीच्या. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळं की काय, त्या एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की बाहेर बाकावर बसलेल्यांना माझ्या तोंडाची सगळी हालहवाल कळली. मला ते आवडलं. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची मला भीती वाटते.

त्यांनी एक्स-रे काढला आणि समोरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. दाताच्या मुळाच्या टोकाशी एक काळा डाग होता.

"मावशी, हा दात मधी दुखायचा थांबलावता का?"

"व्हय. आपला आपण बरा झालावता."

"बरा न्हवता झाला. आतली नस मेली, म्हणून कळायचं थांबलं. किडीनं आत शिरून नस कुजवली आणि आता घाण मुळाच्या टोकातनं वर हाडात गेलीय. हा डाग त्याचाच."

गल्लीत केलेला सगळा मोठेपणा आठवला आणि काकूंना आता काय सांगायचं ते सुचेना.

"म्हणजे नस तुम्ही मारणार न्हाई?"

"मेल्यालीला काय मारायचं? मी फक्त आतली घाण काढणार, पोकळी धुऊन भरून टाकणार आणि दात बंद करणार. दुसरा रस्ता म्हणजे दात काढायचा. तो लवकर होतो, पण नंतर तिथं काहीतरी बसवायला लागतं. तुमच्या दाताची भिंत चांगली हाय, मूळ घट्ट हाय. माझं मत विचाराल तर वाचवू या."

मी विचारलं, "आणि काढला तर डोळे जातात त्याचं काय?"

त्या हसल्या असत्या तर मी खुर्चीतून उठून आले असते. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "न्हाई जात. दाताची नस वेगळी, बघायची नस वेगळी. माणसाचे दात जायचं वय आणि चष्मा लागायचं वय एकच असतं, म्हणून लोक जोडतात. माझी आजीपण हेच म्हणायची."

"मग आमच्या आत्तीचे कसे गेले? दात काढला आणि गाठी मारता येईनात."

"ते त्यांना बघितल्याबिगर मी कसं सांगू?"

मला राग आला. आमच्या घरातली एवढी मोठी गोष्ट, आणि ही पोरगी म्हणते बघितल्याबिगर कसं सांगू. पण राग बाजूला ठेवला, कारण मला खरं विचारायचं होतं ते पुढंच होतं. मी पिशवीतून रेशमाचा दोरा काढला, दातात कसा धरते ते दाखवलं, खाच दाखवली. म्हटलं, "मला ताण ह्या दातात कळतो. तुम्ही आतलं सगळं काढून टाकलं की कळणं जाणार. मग दात तोंडात ठेवून काय त्याची पूजा करू?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "इकडं बघा. थंड, गरम आणि ठणका, हे आतली नस सांगते. तुम्हाला दोरा कळतो तो आतून न्हाई, बाहेरून. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाच्या सगळ्या बाजूंनी बारीक बारीक धागे असतात, त्यांनी तो हाडाला बांधलेला असतो. बाज असते ना सुंभाची? कुणी टेकलं तरी सुंभाला कळतंच. तसं. ते धागे मी हातसुद्धा लावणार न्हाई."

"आणि दात काढला की?"

"की धागे गेले. मग कवळी लावा न्हाईतर स्क्रूचा दात बसवा, खाता येईल, हसता येईल. पण हे कळणं तसंच्या तसं परत येत न्हाई."

मी म्हटलं, "करा मग." खरंतर पुरता विश्वास बसला नव्हता. पण ती बाई ज्या पद्धतीनं बोलली, त्यात मला कुठं गाठ सैल दिसली नाही.

आधी काही दिवस सूज उतरायच्या गोळ्या झाल्या, मग पहिली बैठक. हिरडीत सुई टोचली, ती तेवढी लागली. मग ओठ असा जड झाला की तो माझाच आहे का कळेना. तोंडावर रबराचं एक पातळ पान ताणून बसवलं आणि त्यातून तो एकटा दात बाहेर काढला. त्यानंतर मला बोलता येईना, आणि सगळ्या उपचारात खरी शिक्षा तीच. दुखलं म्हणाल तर काही दुखलं नाही. दाताच्या मागच्या बाजूनं भोक पाडलं, केसासारख्या बारीक कानशी एकामागून एक आत घालून घासल्या, मधूनमधून कसल्यातरी पाण्यानं धुतलं, त्याचा वास पोहण्याच्या तलावासारखा. डॉक्टरीणबाई एकीकडं हात चालवत होत्या आणि दुसरीकडं मला ठणठणीत आवाजात सगळं सांगत होत्या. मी फक्त हूं हूं करत होते. आमच्या ह्यांनी बाहेरून दारात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, हे रबर घरी न्यायला मिळतं का?" घरी गेल्यावर मी त्यांना याचं उत्तर दिलं.

आत औषध ठेवून वर कच्चं सिमेंट भरलं. दुसरी बैठक होईपर्यंत दोरा धरायचा नाही, अशी ताकीद मिळाली. इथंच लोक चुकतात, असं त्या म्हणाल्या. ठणका थांबला की येतच नाहीत, मग सिमेंट निघतं, घाण परत शिरते आणि दात काढायची पाळी येते. मी म्हटलं, एकदा चुकले ते चुकले, आता कानाला खडा.

कागलच्या बाईंना फोन करून जे आहे ते सांगितलं. दात बरा होईपर्यंत साज तसाच राहील, तोवर थांबायचं नसेल तर दुसरीकडं द्या. त्या म्हणाल्या, "दुसरं कोण गाठवतंय का तितं तुमच्यासारखं?" मी म्हटलं, "न्हाई." खोटा नम्रपणा मला जमत नाही. त्या म्हणाल्या, "मग थांबतो की आम्ही."

ते दिवस कसे काढले माझं मला माहीत. साज पोलपाटावर फडक्याखाली झाकलेला. येता-जाता फडकं उचलून बघायची. आत्ती कोपऱ्यातून म्हणायची, "बगून काय गाठी बसत्यात व्हय?" मी म्हणायची, "तुम्ही गप्प बसा." आमचं दोघींचं हे असंच चालतं.

दुसऱ्या बैठकीला डॉक्टरीणबाईंनी पोकळीत रबरासारखी बारीक काडी भरली, वरून पक्कं बंद केलं, पुन्हा एक्स-रे काढून मूळ टोकापर्यंत भरल्याचं दाखवलं. दाताची बरीच भिंत शाबूत होती, म्हणून कॅप नको, फिलिंग पुरे, असं त्यांचं मत पडलं. मग त्या म्हणाल्या, "आता ही कडेची खाचपण भरून टाकू. तिथं दात पातळ झालाय."

"आजिबात न्हाई!" मी उठूनच बसले. "ती खाच माझी हाय."

वाद झाला. त्या म्हणाल्या, खाच तशीच ठेवली तर दात तिथंच चिरणार. मी म्हटलं, भरली तर दोरा कुठं बसणार? शेवटी त्यांनीच तोड काढली. खाच भरायची, पण भरलेल्या जागी दोरा टेकेल एवढा उथळ, गुळगुळीत खोलगटपणा ठेवायचा. "दोरा आणलाय ना? घाला तोंडात. बसतो तसं घासून देते." मग जे झालं ते त्या दवाखान्यात आधी कधी झालं नसेल. मी खुर्चीत, दातात रेशीम, समोर डॉक्टरीणबाई, हातात मशीन. जरा घासायच्या, मी दोरा धरायची, मान हलवायची, पुन्हा घासायच्या. बाकावरचे लोक दाराशी येऊन बघायला लागले.

दोरा टेकला. मी दुसरं टोक दोन्ही हातांत घेतलं. आत आता काही नाही, नस नाही, नुसती रबराची काडी. हळूच ताण दिला.

कळला.

जसाच्या तसा कळला. सैल केला, मान मागं गेली. ताणला, मान पुढं आली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डॉक्टरीणबाई घाबरल्या, "दुखतंय का मावशी?" मी नाही म्हणून मान हलवली, पण दोरा सोडला नाही. त्या म्हणाल्या, "धरायचा, पण हिसडा द्यायचा न्हाई. आणि दातानं दोरा तोडायचा तर अजिबात न्हाई, कात्री घ्यायची." मी कबूल केलं. त्या वेळी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी कबूल केलं असतं.

रिक्षात बसले आणि बोटानं दात चाचपत त्यांचं बोलणं आठवत होते. दात काढला की धागे जातात, मग ते कळणं परत येत नाही. हे वाक्य मी मनात दोनदा-तीनदा म्हटलं. आणि मग एकदम माझा हात तोंडापाशीच थांबला. आत्ती!

घरी आले. आत्ती दारातल्या उजेडात सुपात हरभऱ्याची डाळ घेऊन बसली होती. डोळ्यावर चष्मा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला चष्मा आवडत नाही. डाळीतला डाळीच्याच रंगाचा खडा तिनं उचलला, बाजूला टाकला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पदराला रेशीम चिकाटलंय तुझ्या. लाल."

मी पदर बघितला. एक धागा होता. मला शोधावा लागला.

मी तिथंच पायरीवर बसले. ही बाई रोज डाळ निवडते. गल्लीच्या टोकाला कोण वळलं ते बसल्या जागेवरून सांगते. माझ्या ताटातला केस तिला दिसतो. हे सगळं मी रोज बघत होते, आणि तरी 'आत्तीचे डोळे गेले' हे वाक्य आमच्या घरात चुलीसारखं एका जागी बसलेलं होतं, कुणी हलवलंच नाही.

"आत्ती," मी विचारलं, "तुमचा दात काढला, त्यानंतर गाठ दिसत न्हवती का?"

"आता काय त्येचं?"

"सांगा की. दिसत न्हवती?"

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. आठवून बघितलं. "दिसत व्हती की. दिसायला काय झालंवतं? मारली की सैल पडायची. दोरा कुटं हाय त्येच कळायचं न्हाई."

"डोळ्यांना कळायचं न्हाई?"

तिचा हात उठला आणि वरच्या ओठावरून, जिथं तो दात नव्हता तिथं, बोट फिरलं.

मी तिला सांगितलं. बाजेचं, सुंभाचं, धाग्यांचं, जसं मला सांगितलं होतं तसं सगळं. सांगताना मला राग येत होता. तासाभरात दात उपटून देणाऱ्याचा राग, सगळ्या पेठेचा राग, चष्म्याच्या डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही त्याचा राग. म्हणून आवाज चढला होता. आत्तीचा मात्र चढला नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे डोळं हायती माझं."

"हायती की!"

"आन् हात?"

मी उठले, आत गेले आणि पोलपाट फडक्यासकट उचलून तिच्यापुढं आणून ठेवला. कागलच्या साजाची उरलेली पानं, रेशीम, मेणाचा खडा. ती म्हणाली, "खुळी का काय तू? लोकांचा साज हाय. मला दात न्हाई."

"मला हाय," मी म्हटलं.

तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. दोऱ्याचं टोक नव्या खाचेत धरलं आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तिनं बराच वेळ ते नुसतं धरून ठेवलं. मग पान ओवलं. पहिली गाठ तिनं मारली आणि स्वतःच सोडली. दुसऱ्या गाठीला दोरा सैल पडला, माझ्या दाताला कळलं, मान मागं गेली. तिनं चमकून वर बघितलं. मग पुन्हा खाली बघितलं आणि गाठ आवळली. तिचा हात मला दातात कळत होता. किती ओढते, कुठं थांबते, सगळं कळत होतं. तिसऱ्या पानाला गाठ पहिल्या झटक्यात बसली. पुढच्या पानाला ती गुणगुणायला लागली. तिला गुणगुणता येतं हे मी विसरून गेले होते.

शेवटची गाठ बसली. तिनं साज उचलून उजेडात धरला. पानं एका ओळीत, एकही कुणावर चढलेलं नाही. मला सांगायचं होतं की गाठ माझ्यापेक्षा चांगली बसलीय, पण तोंडात दोरा होता.

तिनं कात्रीनं दोरा कापला, साज फडक्यावर ठेवला आणि मोकळे झालेले हात माझ्यापुढं पसरले.

"आनखी काय हाय गाठवायचं?" ती म्हणाली. "आन हिकडं."